घरात सगळेच मालक

आमच्या घरी संगणक एक आणि मालक पाच. आई, बाबा, ताई, मी आणि सुट्टीत येणारा मावसभाऊ. सगळे एकाच खात्यातून आत शिरतो आणि ते खातं अर्थातच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. पासवर्ड नाही. घरच्या माणसांपासून लपवायचं काय?

समोरच्या काकांचा स्वभाव मात्र संशयी. त्यांनी घरात प्रत्येकाला वेगळं, मर्यादित अधिकारांचं खातं काढून दिलंय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं लागतं ते नवं काही टाकायचं असलं तरच. स्वतः काकाही रोज मर्यादित खात्यातच बसतात. स्वतःच्या घरात भाडेकरू! म्हणतात, प्रोग्रॅम ज्याच्या खात्यातून उघडतो त्याचे अधिकार घेऊन चालतो. तुम्ही मालक, तर तुमच्या हातून आत आलेला व्हायरसही मालक. पाहुण्याबद्दल असं बोलवतं तरी कसं?

आमची ही मालकी एक्सपीच्या काळापासूनची. 2001 साली आलेल्या त्या विंडोजमध्ये सेटअप करताना काढलेलं प्रत्येक खातं आपोआप अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं व्हायचं. काय उदार काळ होता! 2007 मध्ये व्हिस्टाने त्यात खोडा घातला. पडदा अंधारायचा आणि परवानगी मागणारी खिडकी उघडायची. बाबा डगमगले नाहीत. न वाचता सही करण्याचा नोकरीतला तीस वर्षांचा सराव कामी आला. खिडकी पुरती उमटायच्या आत त्यांनी होकार दाबलेला असतो. काकांच्या मर्यादित खात्यात हीच खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते, आणि तो टाइप करेपर्यंत माणूस विचार करत बसतो. आमच्याकडे एवढा वेळ कुणाला आहे?

ताईच्या लग्नपत्रिकेसाठी मावसभावाने एक सुंदर मराठी फाँट फुकटात शोधून काढला. फाँटऐवजी आली सेटअपची ईएक्सई फाइल. बाबांनी नेहमीच्या चपळाईने होकार दिला. फाँट काही दिसला नाही, पण ब्राउझरचं पहिलं पान बदललं, रमीच्या जाहिराती सुरू झाल्या आणि अँटिव्हायरस शांत झाला. तो एरवी फार कटकट करायचा.

काकांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल केली. खंडणी मागणारा व्हायरस मर्यादित खात्यातूनही त्या माणसाचे स्वतःचे फोटो कुलूपबंद करू शकतो. म्हणून ते वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवतात आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात टाकतात. बघा म्हणजे! छत्री घेतली तरी पाय भिजतातच, मग छत्री घ्यायचीच कशाला?

परवा संगणक दुरुस्तीला टाकला. पावती फाडताना दुकानातल्या मुलाने पासवर्ड विचारला. बाबा ताठ मानेने म्हणाले, "तसलं काही आमच्याकडे नसतं."