आपला विश्वासू, रिझर्व्ह बँक

परदेशी कंपन्यांना लिहिताना रिझर्व्ह बँक कधी रागावत नाही. फोर्टातल्या मुख्यालयातून निघणारे परिपत्रक आदराच्या संबोधनाने सुरू होते, ‘आपला विश्वासू’ने संपते आणि मधल्या मजकुरात कोणाचा तरी धंदा अडतो.

६ एप्रिल २०१८चे परिपत्रक हा या शैलीचा अस्सल नमुना. पेमेंट व्यवहारांची माहिती सगळ्याच कंपन्या भारतात साठवत नाहीत, असे निदर्शनास आले होते. कोणाच्या, ते विचारायचे नसते. यापुढे संपूर्ण माहिती फक्त भारतातच ठेवावी, सहा महिन्यांत ठेवावी, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे. झाले, मोजक्या परिच्छेदांत विषय संपला. शेकडो पानी करारनामे चघळणाऱ्या वकिलांना एवढ्या थोड्या मजकुरात पळवाट शोधायची कुठे, हाच प्रश्न पडला असावा.

मग मुदतवाढीसाठी धावाधाव झाली. जॉन कॉर्निन आणि मार्क वॉर्नर या अमेरिकी सिनेटरांनी थेट पंतप्रधानांना पत्र धाडले. मुदत वाढली नाही. जून २०१९मध्ये मात्र खुलासा आला: व्यवहाराची प्रक्रिया परदेशात करायला हरकत नाही, पण तिथली माहिती पुसून एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यांपैकी जे आधी संपेल त्याच्या आत भारतात आणावी. पाहुण्याला जेवायला बसवून शेवटच्या लोकलची वेळ सांगावी, तसा हा पाहुणचार.

तरीही ज्यांना समजले नाही, त्यांना २०२१मध्ये समजले. अमेरिकन एक्स्प्रेस आणि डायनर्स क्लब यांना १ मेपासून, मास्टरकार्डला २२ जुलैपासून नवे देशी ग्राहक घेण्यास मनाई झाली. बराच काळ लोटूनही आणि पुरेशी संधी देऊनही पूर्तता झाली नाही, एवढाच मास्टरकार्डवरचा ठपका. जुन्या कार्डधारकांना झळ लागणार नाही, हे आवर्जून नमूद. निराशा व्यक्त करण्याचे काम कंपनीने केले. दोनच वर्षांपूर्वी तिने भारतात १ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. आदेशाच्या भाषेवर त्या रकमेचा काडीचाही परिणाम दिसला नाही.

बंदी उठतानाही पट्टी तीच. डायनर्सची नोव्हेंबर २०२१मध्ये, मास्टरकार्डची जून २०२२मध्ये, अमेरिकन एक्स्प्रेसची ऑगस्ट २०२२मध्ये सुटका झाली. पूर्तता समाधानकारक आढळल्याने निर्बंध तत्काळ हटवण्यात आले, असे कळवले गेले. अभिनंदन, स्वागत, पुढील वाटचालीस शुभेच्छा, यांतले काहीही त्यात नव्हते.