घरचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

‘टास्क मॅनेजर तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे.’ विंडोज एक्सपीच्या जमान्यात कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर ही पाटी ज्यांच्या घरी झळकली, त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसाहेब बसतात कुठे? कॉम्प्युटर घरचा, हप्ते घरचे, मॉनिटरवरचं क्रोशाचं कव्हरही घरचं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणावं अशी घरात एकच व्यक्ती, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होती, “मी हातसुद्धा लावलेला नाही त्याला!”

साहेब आले होते झेरॉक्सच्या दुकानातून. पोराने प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह नेला, तो येताना पाहुणा घेऊन आला. पेन ड्राइव्हच्या चिन्हावर डबल क्लिक केलं की विंडोज आतली ‘ऑटोरन’ नावाची चिठ्ठी वाचायची आणि चिठ्ठीत लिहिलेला प्रोग्राम निमूटपणे चालवायची. चिठ्ठी कुणी लिहिली, याची चौकशी नाही. एक्सपी आली 2001 मध्ये. पेन ड्राइव्हवरच्या चिठ्ठ्या वाचणं तिने सोडावं म्हणून मायक्रोसॉफ्टने सर्वांना दुरुस्ती धाडली ती 2011 च्या फेब्रुवारीत. घाई कशाला?

दुसरी वाट ‘न्यू फोल्डर’ची. पिवळंधमक फोल्डरचं चित्र, पण खरं नाव ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’. शेपटीचं ‘ईएक्सई’ दिसत नसे, कारण ते लपवायची सोय विंडोजने आपणहून केलेली. ती आजही तशीच आहे. गिऱ्हाइकाला उगाच त्रास नको.

आत शिरल्यावर या पाहुण्यांनी जी प्रशासकीय तत्परता दाखवली, तिला मात्र दाद द्यायला हवी. आत कोण कोण काम करतंय हे टास्क मॅनेजर दाखवतो, म्हणून तो बंद. लपवलेल्या फायली फोल्डर ऑप्शन्समधून दिसतात, म्हणून तो पर्यायच मेन्यूतून गायब. सगळ्या नोंदी रजिस्ट्रीत असतात, म्हणून रजिस्ट्री एडिटर बंद. कुणी हुशार माणूस काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करील, म्हणून कमांड प्रॉम्प्टही बंद. गाणी चालू, पत्त्यांचा डाव चालू, वॉलपेपर बदलायचं पूर्ण स्वातंत्र्य. बंद फक्त चौकशीच्या खिडक्या. सत्ता हाती आल्यावर आधी काय करायचं, याचं प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं होतं देव जाणे.

यातली कुठलीही बंदी विषाणूने शोधून काढलेली नव्हती. कंपनीतल्या कारकुनाने सेटिंगमध्ये बोटं घालू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ही कुलपं करून ठेवलेली. रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’ नावाचा कप्पा आहे. तिथे ठरलेल्या नोंदीपुढे 1 लिहिलं की टास्क मॅनेजर बंद, 0 लिहिलं की चालू. 1 कुणी लिहिला हे विंडोज विचारत नाही. तिला आकडा दिसतो आणि ती ‘तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने’ असं अदबीने सांगून मोकळी होते. शिवाय एक्सपीत घरचं खातं बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराचंच असे. म्हणजे साहेबांचा शिक्का टेबलावर उघडा पडलेला, येईल त्याने उमटवावा.

खरं बोलणारा विषाणू आठवतो तो एकच. ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडली की तो ‘ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा’ असं सुनवायचा आणि पुढे विचारायचा, ‘हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लिहिलेलं नाही, ओळख पाहू कुणी लिहिलं?’ वर राक्षसी हास्य. इतकी पारदर्शकता नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आढळली नाही.

आता बंदी उठवायची कशी? रजिस्ट्रीतला आकडा बदला. तो बदलायला रजिस्ट्री एडिटर उघडा. रजिस्ट्री एडिटर बंद आहे. तो चालू करायला रजिस्ट्रीतला आकडा बदला. ज्यांनी रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणला आहे, त्यांना हे समजवावं लागत नाही. ग्रुप पॉलिसी एडिटर नावाची दुसरी खिडकी आहे, पण ती विंडोजच्या होम आवृत्तीत देतच नाहीत, तेव्हाही नाही आणि आजही नाही. बंदी घरवाल्यांना लागू, ती उठवायचं हत्यार कचेरीवाल्यांना.

तरी फट होती. नोटपॅडला कुणी धोकादायक मानलं नव्हतं. त्यात दोन-तीन ओळींची व्हीबीस्क्रिप्ट लिहून ती चालवली की मागच्या दाराने रजिस्ट्रीतला आकडा बदलता यायचा. मात्र विषाणू आधी मारायचा. तो जिवंत असला तर तुम्ही 0 लिहून चहाचा कप उचलेपर्यंत त्याने पुन्हा 1 लिहिलेला असायचा. (ही व्हीबीस्क्रिप्टही मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकली.)

पण एवढ्या भानगडीत पडतो कोण? कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा यायचा, पाटी वाचायचा आणि निदान सांगायचा, “फॉरमॅट मारावा लागेल.” माउस हलत नाही, फॉरमॅट. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तरी त्याची नजर फॉरमॅटकडेच. संध्याकाळी टास्क मॅनेजर झक्कास उघडायचा. लग्नाचे फोटो गेलेले असायचे. “डी ड्राइव्हला ठेवायचे ना काका!” मग तो खिशातून स्वतःचा पेन ड्राइव्ह काढून गाणी टाकून द्यायचा, आणि त्याच पेन ड्राइव्हमधून साहेब पुन्हा रुजू व्हायचे.

हल्ली साहेबांचा हुद्दा वाढलाय. विंडोजच्या सेटिंगमध्ये कधी कधी ओळ येते, ‘यातल्या काही सेटिंग्ज तुमची ऑर्गनायझेशन सांभाळते.’ अनेकदा कॉम्प्युटर ‘फास्ट’ करून देणाऱ्या एखाद्या फुकट्या प्रोग्रामने त्याच ‘पॉलिसीज’ कप्प्यात काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. पण आमच्या शेजारच्या निवृत्त काकांनी ती ओळ मनावर घेतली. सोसायटीच्या सेक्रेटरीने कानावर हात ठेवले, ज्येष्ठ नागरिक संघाने ठराव तपासला. शेवटी पतसंस्थेला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “अर्ज देऊन ठेवा, पुढच्या मीटिंगमध्ये घेतो.”