उघडी भिंत

अमरावती-अकोल्याकडचा माणूस घर बांधायला काढतो, तेव्हा आधी हॉल आखतो आणि उरलेल्या जागेत बाकीचं घर बसवतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला अख्खी पंगत हॉलमध्येच बसली पाहिजे, हा त्याचा हिशेब. पंगत वर्षातून एकदा बसते. हॉलची भलीमोठी भिंत मात्र बारा महिने समोर उभी असते. घरभरणीला आलेला पाहुणा पाण्याचा गडू तोंडाला लावण्याआधी तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "काऊन बाप्पा, एवढी मोठी भित उघडीच ठेवली?"

मग सल्ले सुरू होतात. भाच्याला टेक्श्चर पेंट हवा असतो. पेंटर म्हणतो, तेवढी एकच भिंत लाल मारू. आत्याबाई धावत्या सात घोड्यांची मोठी फ्रेम सुचवतात. फक्त घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, नाहीतर लक्ष्मी त्यांच्यासोबत निघून जाते.

आमच्याकडे फ्रेमचं जमत नाही, त्याला कारण आमची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. कपाशीला ते मानवतं, घराच्या पायाला मानवत नाही. काही उन्हाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते आणि सावकाश छताकडे चालू लागते. खिळा सैल होतो, फ्रेम कलते, तिच्यामागे पाल संसार थाटते. पूर्वी हा मान चिमण्यांचा होता. आजोबांच्या तसबिरीमागे घरटं व्हायचं, आजोबांच्या खांद्यावरून काड्या लोंबायच्या आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तसबिरीला हात लावायची कुणाची छाती नसायची. वॉलपेपर म्हणाल, तर मार्चमध्ये कूलर सुरू झाला की त्याच्या ओलीने कागदाचे कोपरे सुटू लागतात.

जुन्या वऱ्हाडी घरांना हा प्रश्नच पडला नाही. हातभर जाड मातीची भिंत, तिच्यात कोनाडे, देवळी, फडताळ. खुंटीवर टोपी, दुसऱ्या खुंटीवर कासरा. एवढ्यातून जी जागा उरे ती सणांची. श्रावणात जिवतीचा कागद चिकटे, नागपंचमीला नाग निघत, लग्नकार्यात हळदीच्या हातांचे ठसे उमटत. रस्त्याकडच्या भिंतीवर तर लग्नाची जाहीर नोंदच असे. वर गणपती, खाली नवरानवरीची नावं आणि तारीख, सगळं पेंटरच्या ठसठशीत अक्षरात. नवरानवरी पुण्याला जाऊन त्यांची लेकरं शाळेत लागली, तरी इकडे भिंतीवर 'शुभविवाह' चालूच. शेजारच्या भिंतीवर बियाण्याची नाहीतर सिमेंटची जाहिरात. गावाची निम्मी वाचनाची भूक या भिंतींनी भागवली.

घराच्या आतल्या भिंतीचा हिशेब मात्र दिवाळीआधी चुकता व्हायचा. पिंपात चुनकळ्या टाकून पाणी ओतलं की ते खदखदा उकळू लागे आणि पोरांना लांब उभं केलं जाई. निवलेला चुना गाळून त्यात थोडा डिंक, किंचित नीळ. मग अंबाडीचा कुंचला. ओला चुना भिंतीवर दिसत नाही. पहिला हात मारून झाला की वाटे, या माणसाने नुसतं पाणीच फासलं. दुपारी भिंत वाळायची आणि पांढरीफटक उजळायची. नाग, जिवती, ठसे, कोळशाने लिहिलेला दुधाचा हिशेब, सगळं त्याखाली गडप. पुढचे आठ दिवस भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाची पाठ पांढरी.

कायमची सजावट हवीच असेल, तर तिचाही नमुना आमच्याकडचाच आहे. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकात वराहदेवाने दिलं, तसा लेख तिथे कोरलेला आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. आणि वाशीम 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. तेव्हा भारतातल्या सगळ्यात देखण्या भिंतींपैकी काहींचा खर्च अकोल्याच्या खात्यावर मांडायला हरकत नसावी. तिथेही खडकावर आधी माती, भुसा आणि शेणाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. म्हणजे आमच्या आज्यांच्या हातचंच सामान. वराहदेवाची सोय एवढीच, की त्याची भिंत डोंगराच्या पोटात होती, काळ्या मातीवर उभी नव्हती.

आपली भिंत काळ्या मातीवरच आहे, तेव्हा दीड हजार वर्षांची काळजी कशाला? वाटीभर गेरू कालवा, घरातल्या लेकरांच्या हाती काड्या द्या आणि हॉलची भिंत त्यांच्या स्वाधीन करा. नागाचा गांडूळ झाला तरी चालेल. सात घोडे निघाले, तर त्यांची तोंडं कुठे आहेत ते बघत बसू नका. फार बिघडलं तर वरून चुना मारा, नाहीतर डिस्टेंपर. दिवाळी दर वर्षी येतेच.