न बोलावता उघडणाऱ्या ब्राउझरास

प्रति,
संगणकासोबत आलेले ब्राउझर महाशय,
मुक्काम: टास्कबार

विषय: आपण कायमची रजा घेण्याबाबत.

महोदय,

आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही. नुसतं टाईप केलं तरी आपण उघडाल अशी भीती वाटते.

परवाच्या अपडेटनंतर आमच्या टिटवाळ्याच्या घरी आपण पुन्हा मुख्य ब्राउझर झालात, त्याबद्दल अभिनंदन. निवडणूक कधी झाली ते मात्र कळलं नाही. आईने मेलमधल्या वीजबिलावर क्लिक केलं आणि तिच्या नेहमीच्या ब्राउझरऐवजी आपण हजर झालात. बँक, रेल्वेचं तिकीट, ज्ञानेश्वरी हे सगळं तिने वरच्या पट्टीवर हौसेने मांडून ठेवलं होतं. ते गेलं, आणि तिथे कुठल्याशा नटीचा घटस्फोट आला. शिवाय साइन इन करण्याचा आग्रह.

आईने घाबरून थेट प्लगच काढला. संध्याकाळी मी लोकलमधून उतरून घरी पोचलो, तर चहाच्या आधी तिचं वाक्य आलं, "माझ्या हातून काहीतरी बिघडलंय रे. बँकेचंही गेलं बहुतेक. चुकलंच माझं." दुपारपासून ती हे मनात घेऊन बसली होती.

इथे 'आपण' संपलं. ऐक आता. जन्मभर शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईला तू तिने न केलेल्या चुकीची माफी मागायला लावलीस. निर्लज्ज आहेस तू. आणि हे ठरवून होतं. अनोळखी पडद्यापुढे म्हातारं माणूस गोंधळेल, 'हो' दाबेल, आणि त्या 'हो'ची पसंती म्हणून नोंद होईल, हे तुला बनवणाऱ्यांना ठाऊक नाही असं मी मानत नाही.

बाकीच्या तक्रारी एका दमात सांगतो. पीडीएफ उघडायला तू, शोधपेटीत काही शोधलं की तू, दुसरा ब्राउझर उतरवायला गेलं की 'त्याची काय गरज?' विचारायलाही तूच.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या मुलाने मागे तुझं फोल्डरच उडवलं होतं. "दादा, पुढच्या अपडेटला परत येणार हा," म्हणाला. आलास. आमच्या टिटवाळ्याच्या महागणपतीला लग्न जमावं म्हणून कुठून कुठून लोक येतात. जमलेलं मोडायचं झालं तर निदान कोर्ट तरी आहे. तुझ्याशी आमचं लग्न दुकानातच लागलेलं असतं आणि काडीमोडाचं बटण राखाडी, दाबलंच जात नाही.

म्हणे संगणकाचाच भाग आहे, काढता येत नाही! ही थाप जुनी आहे. अमेरिकी सरकारने 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररबद्दल कंपनी हेच सांगत होती. एडवर्ड फेल्टन या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाने तो दूर करणारा प्रोग्रॅम लिहून दाखवला. त्याला खोटं पाडायला कंपनीने व्हिडिओ आणला, तर कोर्टात त्या व्हिडिओतल्याच गफलती उघड्या पडल्या. युरोपने 2009 मध्ये ग्राहकापुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा ठेवायला लावला. तो पुढे लाखो संगणकांवरून गायब झाला म्हणून 2013 मध्ये 56 कोटी 10 लाख युरोंचा दंड ठोकला. मार्च 2024 पासून तर तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने विंडोज, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांनाच बंधन घातलंय की सोबत आलेली ॲप्स ग्राहकाला काढता आली पाहिजेत. तांत्रिक अडचण असती तर ती युरोपात सीन नदीच्या काठी आणि इथे टिटवाळ्यात काळू नदीच्या काठी सारखीच असती ना?

आपल्याकडेही एकदा घास तोंडापर्यंत आला होता, निदान फोनपुरता. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला आणि अँड्रॉइडवर आधीच बसवलेली आपली ॲप्स काढायला लोकांना अडवू नका, असंही बजावलं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमका हा आदेश रद्द केला. दंडाचं गूगल बघून घेईल. ॲप्स आमच्या गळ्यात राहिली.

राग बाजूला ठेवून सांगतो, तू वाईट नाहीस. पानं भराभर उघडतोस, मराठी अक्षर नीट दाखवतोस. एखाद्याने तुला आपणहून निवडलंही असतं. पण लोकांना आवडायची संधीच तुला कधी मिळाली नाही. मालकाने प्रत्येक घरात ढकलून दिलं, आणि लोकांनी तोंडही न बघता हाकललं. तुझी कीव येते ती इथे.

तेव्हा मालकाला एवढा निरोप दे: युरोपात चालणारं ते बटण इथेही चालू करा. आणि वाचकहो, आईवडिलांच्या संगणकावर मोठं अपडेट आलं की सेटिंग्जमधलं 'डीफॉल्ट ॲप्स' एकदा उघडून बघा. वेबपानं आणि पीडीएफ, दोन्ही वेगवेगळी तपासा.

कळावे.

नाइलाजाने आपला,
एक वापरकर्ता, टिटवाळा (पूर्व)