तिसऱ्या मजल्यावरचं सोलर

"वहिनी, वर बघितलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी ग्रिलला सोलर टांगलंय."

"बघायचं काय त्यात, चार दिवस नुसतं ऐकतेय. जिन्यात भेटेल त्याला सांगतायत, आता बिल शून्य. किती वॉटचं आहे हो?"

"दोनशे. उल्हासनगरहून आणलं. दुकानदाराने हिशेब करून दिला म्हणे. दोनशे वॉट गुणिले दहा तास, दिवसाला दोन युनिट!"

"दहा तास? भाऊजी, बदलापूरचा सूर्य काय एमआयडीसीतल्या कामगारासारखा कार्ड पंच करून दिवसभर एका जागी उभा राहतो? पाटीवरचे दोनशे वॉट कडक ऊन थेट समोरून पडेल आणि पॅनेल २५ अंशांवर असेल, तेव्हाचे. मे महिन्यात ते साठीपर्यंत तापतं, दहा-बारा टक्के तिथेच गेले. उघड्या गच्चीवर नीट कलतं ठेवलं, तर किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. दोनशेला किती झाले? ०.८. आणि ही गच्ची झाली. ग्रिलला उभं टांगून त्याच्या निम्मं मिळालं तरी साहेबांनी सत्यनारायण घालावा."

"पण त्यांची बाल्कनी दक्षिणेची. सोलरला दक्षिण उत्तम म्हणतात ना?"

"उत्तम, पण कधी ते विचारा. मी इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला तो फुकट नाही. आपण १९ अंश अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य ४७ अंशांवर असतो, दक्षिणेला. तेव्हा उभ्या पॅनेलवर दोन तृतीयांश ऊन तरी पडतं. पण मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. भिंतीला टांगलेल्या पॅनेलला तेव्हा ऊन नुसतं घसटून जातं. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेकडूनच फिरतो. दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन नाहीच. वर जूनपासून ढग."

"म्हणजे पंखा गरगरतो तेव्हाच सोलर झोपलेलं!"

"आणि थंडीत, पंखा बंद असताना, सोलर जोरात. उन्हाळ्यासाठी तुमची पश्चिमेची बाल्कनी बरी. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकनंतर कलतं ऊन येतं की नाही? त्यालाच तुम्ही शिव्या घालता."

"पण माझा पुतण्या म्युनिकला असतो. तिकडे घरोघरी बाल्कनीला पॅनेल. प्लगमध्ये खोचलं की झालं, म्हणतो."

"तिकडचा सूर्य वेगळा. ४८ अंश अक्षांश. भर जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य ६५ अंशांच्या आसपास. कायमच कललेला, म्हणून उभं पॅनेल तिथे शोभतं. आणि ८०० वॉटपर्यंत प्लगमध्ये जोडायला जर्मनीने २०२४ मध्ये कायद्यानेच सोपं केलं. इथे ग्रिडला जोडायचं तर महावितरणकडे अर्ज, मंजुरी, नेट मीटर. उगाच खोचाखोची नको. बरीच साधी मीटरं उलट गेलेली वीजही वापरात धरतात, म्हणजे आपली वीज देऊन आपणच बिल भरायचं. शिवाय वीज गेली की ग्रिडवालं इन्व्हर्टर आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून."

"साहेबांनी बॅटरी घेतलीय."

"मग बॅटरीत भरताना-काढताना आणखी घट. बरं, ०.४ युनिट धरून चालू. तेवढ्यात नवा बीएलडीसी पंखा बारा-तेरा तास चालेल, जुना पंच्याहत्तर वॉटचा पाच तास. एसी लावला तर वीसेक मिनिटं. महिन्याला झाले बारा युनिट. शंभराच्या वर जाणाऱ्याला तेवढेच वरच्या दराचे वाचतात, वाईट नाही. पण बिल शून्य? छे!"

"आणि चौथ्या मजल्यावरच्या साड्या?"

"तेच! काल अर्ध्या पॅनेलवर नऊवारीची सावली. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात. थोड्या भागावर सावली आली तरी त्या प्रमाणाहून जास्त वीज जाते. ग्रिलच्या गजाची सावलीसुद्धा नडते. आता साड्यांवरून वर-खाली भांडण होणार, लिहून ठेवा. आणि दहाबारा किलोचं ते धूड पावसाळी वाऱ्यात कसं टिकतं तेही बघायचंय. खाली मुलं खेळतात."

"मग घेण्याआधी माणसाने अंदाज काढायचा कसा?"

"खडू घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी तासातासाला जाऊन बघायचं, पॅनेल लावायच्या जागी ऊन आहे का, आणि सावलीची खूण करायची. एकदा थंडीत, एकदा मेमध्ये. नेटवर पीव्हीजीआयएस आहे, युरोपियन आयोगाचं, फुकट. जागा, दिशा आणि कल ९० अंश टाकला की महिनावार युनिट येतात. चौदा टक्के घट ते आधीच धरतं. पण वरच्यांच्या साड्या आणि समोरचा टॉवर त्याला दिसत नाही. तेवढं खडूने पाहून वजा करायचं."

"एवढा उपद्व्याप करून बारा युनिट!"

"म्हणून म्हणते, गच्ची रिकामी पडलीय ना आपली? पंतप्रधान सूर्य घर योजनेत २०२४ पासून सोसायटीच्या सामायिक वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांना, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दहा किलोवॉटला बिनसावलीची हजारेक चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चाळीस युनिट मिळतात. फक्त आधी इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यायचा. २०२१ मध्ये उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसं गेली, ते विसरायचं नाही."

"सेक्रेटरी म्हणतील, पुढच्या वर्षी बघू."

"ते दर वर्षी तेच म्हणतात. वार्षिक सभेला तुम्ही विषय लेखी द्या, खाली सही माझी. आणि साहेबांनाही घ्या बरोबर, आता सोलर त्यांच्याइतकं कोणाला हवंय!"