गाणं मी लावत नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या गावात गणपतीच्या मंडपामागे डोकावलं, तर जनरेटर, सतरंज्यांची चवड आणि गेल्या वर्षीच्या सजावटीचे अवशेष यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप घेतलेला एक तरुण दिसतो. लोणी, संगमनेर किंवा कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून हा हिंजवडीला लागलेला असतो आणि उत्सवाला रजा टाकून गावी आलेला असतो. लॅपटॉपची वायर अॅम्प्लिफायरला गेलेली असते. पडद्यावर मात्र गाण्यांची चित्रंबित्रं काही नसतात. काळी खिडकी आणि तिच्यात सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी. ‘काय चाललंय भाऊ?’ असं कुणी विचारलं की तो ‘स्क्रिप्ट’ एवढंच म्हणतो. विचारणारा समजतो, पोरगं नाटकात गेलं. या माणसाला आपण स्क्रिप्टवाला म्हणू. दर मंडळात तो असतोच असं नाही, पण जिथे असतो तिथे अगदी असाच असतो.

त्याच्याबद्दल गावात दोन मतं प्रचलित आहेत आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत. पहिलं मत असं की तो आळशी आहे, दर तीन मिनिटांनी बटण दाबायला नको म्हणून हा खटाटोप करतो. हिशोब मांडला की हे मत टिकत नाही. बटण दाबायला दोन सेकंद लागतात आणि स्क्रिप्ट लिहायला दोन रात्री. एवढे कष्ट करणाऱ्याला आळशी म्हणणं हा आळसाचा अपमान आहे. दुसरं मत असं की त्याला गाण्यांचं वेड आहे. पण तो गाणं ऐकतोच कुठे? गाणं सुरू झालं, आवाज आला, एवढी खात्री पटली की तो पुढची ओळ तपासायला मोकळा. मुखडा संपेपर्यंतही त्याचा कान तिथे नसतो. मग तो हे करतो कशासाठी? माझं उत्तर असं आहे : त्याला गाणी लावायची नसतात, ‘हे गाणं तू का लावलंस?’ या प्रश्नातून सुटायचं असतं. निवड करायची, पण निवडणारा कुणी नाही असं दाखवायचं, हा त्या स्क्रिप्टचा खरा उद्देश.

हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर आपल्याकडे गाण्याची फर्माइश म्हणजे काय असते ते आठवून पाहावं. तमाशातल्या दौलतजादात पैसे लावणाऱ्याला लावणी हवी असतेच, पण त्याआधी लागणारा नावाचा पुकारा अधिक हवा असतो. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्यापूर्वी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचली जात, पत्र टाकणाऱ्या कित्येकांच्या घरी गाण्यापेक्षा ती यादीच जास्त कान देऊन ऐकली जात असणार. नगर शहराच्या विसर्जन मिरवणुकीत माळीवाड्याचा विशाल गणपती पहिला, हे ठरलेलं आहे. ज्याचं असं ठरलेलं नसतं त्याला क्रमांकासाठी भांडावं लागतं. म्हणजे कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर, हा आपल्याकडे संगीताचा प्रश्न नाही, मानाचा आहे. मंडपामागच्या तरुणाकडे संध्याकाळभर चिठ्ठ्या येतात. पाटीलगल्लीचं गाणं लागलं की स्टँडवरचे विचारतात, आमची वर्गणी कमी होती का? भजनवाल्या आजोबांना अभंग हवा, पोरांना डीजेचं रिमिक्स हवं, सरपंचांच्या मेहुण्यांना स्वतःच्याच लग्नातलं गाणं हवं. कॅसेटच्या जमान्यात ही कटकट दुकानदार सोसायचा. यादी कागदावर लिहून दिली की तो ६० किंवा ९० मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा, आणि एखादं गाणं राहिलं तर ‘टेप संपली’ म्हणायचा. हार्ड डिस्क संपत नाही, हीच आजची अडचण आहे.

म्हणून स्क्रिप्टवाला बॅशला, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या त्या काळ्या खिडकीतल्या प्रोग्रॅमला, शरण जातो. बेत सरळ असतो : ‘फाइंड’ने फोल्डरमधल्या सगळ्या एमपीथ्री शोधायच्या, ‘ग्रेप’ने हव्या त्या वेगळ्या काढायच्या, ‘शफ’ने पिसायच्या आणि ‘एमपीजी १२३’ या वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करायच्या. पण गावातली गाणी मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात भरून आलेली असतात आणि त्यांच्या नावांना कुणाचाच धाक नसतो. बॅश मोकळी जागा दिसली की शब्द तोडतो. नावाभोवती अवतरणचिन्हं घालायला विसरलं, तर ‘गणपती बाप्पा’ नावाच्या फाइलचे तो दोन तुकडे करतो आणि कळवतो की गणपती नावाची फाइल नाही, बाप्पा नावाचीही नाही. अख्खा मंडप जयजयकार करत असताना हा निरोप वाचणं हा एक वेगळाच अनुभव असणार. पुढे आरतीची वेळ. रोमन लिपीत आरती हा शब्द लोकांनी इतक्या परींनी लिहिलेला असतो, की स्क्रिप्टवाला जमेल तेवढा आखूड नमुना देतो, ‘ए-आर-टी-आय’, आणि लहान-मोठं अक्षर पाहू नकोस असंही बजावतो. आता संगणकावर सीडी उतरवली की जिथे गायक अनेक तिथे ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ नावाचा फोल्डर तयार होतो, आणि आर्टिस्ट या शब्दाच्या पोटात ही चारही अक्षरं क्रमाने बसलेली आहेत. त्यामुळे निरांजन पेटताच त्या फोल्डरातली सगळी आयटम साँग आरती म्हणून रांगेत उभी राहतात. त्यांच्यामागे आरती अंकलीकर-टिकेकरांचा एखादा ख्याल येतो. त्यातल्या त्यात तीच अब्रू.

इथे कुणी म्हणेल, एवढं कशाला? व्हीएलसीत यादी करावी, नाहीतर यूट्यूब लावावं. यूट्यूबचं उत्तर सोपं आहे. आरतीच्या दोन कडव्यांच्या मध्ये जाहिरात आली की काय होतं, ते एकदा पाहिलेल्या मंडळाने पुन्हा तो विषय काढू नये. व्हीएलसीच्या यादीचा दोष असा की ती सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना कळते. खांद्यावरून वाकलेला माणूस बोट ठेवून म्हणतो, ‘हे वर घे.’ काळ्या खिडकीत बोट ठेवायला जागाच नसते. दुसरा आक्षेप वजनदार आहे : हे पिसणं तरी निःपक्षपाती कुठे? गणिताने आहे, माणसांना तसं वाटत नाही, एवढंच. खऱ्या यादृच्छिक क्रमात एकाच गायकाची तीन गाणी लागोपाठ येऊ शकतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात कट दिसतो. स्पॉटिफायसारख्या कंपनीलाही श्रोत्यांच्या या तक्रारीपुढे नमून २०१४ साली आपली पिसण्याची पद्धत बदलावी लागली. आपल्या मंडळात तर तक्रार करायला कारणंही भरपूर. लाइट जाते, अॅम्प्लिफायर गप्प होतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर इमानाने गाणी वाजवत राहतो. जनरेटर सुरू होईपर्यंत स्टँडवाल्यांची दोन गाणी निःशब्द वाजून गेलेली असतात आणि स्क्रिप्टच्या दप्तरी ती वाजली अशी नोंद होते. मशीन खोटं बोललेलं नसतं, पण हे पटवून कुणाला द्यायचं?

तरीही त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. सवलत नसलेल्या दिवशी दहाच्या ठोक्याला बंद करणाऱ्या माणसाशी लोक हमखास हुज्जत घालतात, ‘एकच, शेवटचं.’ बंद करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम उरकणारा प्रोग्रॅम, असेल तर हुज्जत घालायला समोर कुणी उरत नाही. तो स्वभावानेच करडा आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, या पाच रकान्यांपलीकडे त्याला जग नाही. गुरुवारी दत्ताची गाणी, शनिवारी शनीची, हे त्याला सहज जमतं. तिथी कळत नाही, म्हणून चतुर्थी दर वर्षी हाताने भरावी लागते. आणि शनिअमावस्येसाठी तारीख व वार दोन्ही रकाने भरले, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी तो चालू होतो. म्हणजे महिन्यातले सगळे शनिवार अमावस्या.

खरी अडचण वेगळीच आहे. स्क्रिप्टवाल्याने निवडणारा लपवला, पण लोकांना फर्माइश करणारा दिसायला हवा असतो. गाणं लागलं, नाव नाही, मग उपयोग काय? म्हणून पुढच्या वर्षी तो ‘ई-स्पीक’ नावाचा बोलणारा प्रोग्रॅम जोडतो. तो मराठी वाचतो, पण वर्गणीदारांची नावं कोर्टातल्या पुकाऱ्यासारखी काढतो. लोक तेही खपवून घेतात, आणि भांडण गाण्यांवरून नावांच्या क्रमावर येतं. क्रम पिसून चालत नाही, कारण पत्रिकेतली नावं कुणी पिसत नाही. मग ‘सॉर्ट’ लावून अकारविल्हे. आढाव पहिले, हराळ शेवटाला आणि होळकर त्यांच्याही मागे. २०२४ पासून ज्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव आहे, तिथे होळकर शेवटी, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यावर तो तोडगा काढतो : सम तारखेला यादी सुलटी, विषम तारखेला उलटी. दहा ओळींचं काम, कुणाचीच तक्रार नको. फक्त २०२५ सारख्या वर्षी, जेव्हा उत्सव २७ ऑगस्टला बसतो आणि ६ सप्टेंबरला उठतो, तेव्हा ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, आणि लागोपाठ दोन दिवस शेवटी गेलेले आढाव मंडपामागे येऊन विचारतात, भाऊ, आमची वर्गणी कमी होती का?