हॉलपंडित

टोरंटोत जून संपत आला की हॉलपंडिताचा घसा बसतो. हॉकीचा मोसम नुकताच आटोपलेला असतो, शहाणी माणसं तळ्याकाठच्या कॉटेजवर निघून गेलेली असतात. पण हॉकी हॉल ऑफ फेममध्ये यंदा कोणाची वर्णी लागली हे नेमकं त्याच दिवसांत जाहीर होतं, आणि कोणाची लागली नाही याचं सुतक पंडिताला पुढच्या जूनपर्यंत पाळायचं असतं. (ही हॉकी बर्फावरची. तुमच्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आले असतील तर त्यांना जरा थांबवून ठेवा, पुढे लागणार आहेत.)

पंडित सहसा साठीचा, निवृत्त, एका गुडघ्याने अधू. त्याला गाठायचं तर टिम हॉर्टन्समध्ये. हे कॉफीचं दुकान टिम हॉर्टन नावाच्या हॉकीपटूनेच १९६४ साली हॅमिल्टनला काढलं आणि १९७७ मध्ये, मृत्यूनंतर तीन वर्षांनी, तो हॉलमध्ये गेला. गेला तो बचावफळीतल्या खेळावर, डोनटवर नव्हे, हे पंडित नव्या माणसाला आधी बजावतो. दोन क्रीम, दोन साखर घातलेल्या एका ‘डबल-डबल’वर तो दीड तास सहज काढतो. मला तर बर्फावर धड उभंही राहता येत नाही. पण पंडिताला तेच सोयीचं वाटतं. जाणकार श्रोता मध्येच आकडे दुरुस्त करतो. अडाणी मान डोलावतो.

हॉल आहे यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या १८८५ सालच्या जुन्या इमारतीत. १९९३ मध्ये तो तिथे आला. व्यावसायिक लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅनले कपचं मूळ भांडं तिथल्या तिजोरीत ठेवलेलं आहे, आणि निवड समितीचा कारभारही त्या तिजोरीला शोभेलसाच. अठरा सभासद, आत जायला चौदा मतं हवीत, वर्षाला फार तर चार पुरुष आणि दोन महिला खेळाडू. मतदान गुप्त. कोणाला किती मतं पडली, कोणी आडकाठी केली, काही बाहेर येत नाही. या गुप्ततेवर पंडित रोज ताशेरे ओढतो, पण माझी खात्री आहे की उद्या समितीने सगळी मतं दारावर चिकटवली तर सर्वात मोठं नुकसान त्याचंच होईल.

त्याचं मुख्य हत्यार एकच: “मग तो कसा आत?” हे वाक्य तो कुठल्याही उमेदवारासाठी वापरू शकतो. केव्हिन लो हे त्याचं हुकमी उदाहरण. सहा स्टॅनले कप, मान्य. पण १,२५४ सामन्यांत ८४ गोल! लो बचावपटू होता, गोल अडवणं हे त्याचं काम होतं, असं मी एकदा चाचरत म्हणालो. “म्हणजे तूही समितीतलाच,” असं म्हणून पंडिताने कॉफी झाकली.

तत्त्वांचा मात्र तो पक्का आहे. फक्त ती तत्त्वं माणसागणिक वेगळी असतात. कर्टिस जोसेफ आणि ख्रिस ऑसगुड, दोघेही गोली, दोघेही अजून हॉलबाहेर. जोसेफचे ४५४ विजय आणि कप एकही नाही. ऑसगुडचे ४०१ विजय आणि कप तीन. जोसेफची बाजू मांडताना पंडित म्हणतो, “कप संघ जिंकतो, एकटा गोली नाही.” ऑसगुडचं नाव काढलं की म्हणतो, “डेट्रॉइटचा संघ होता तो! पुढे लिडस्ट्रॉमसारखा बचावपटू उभा असेल तर जाळ्यात झाडाची कुंडी ठेवली तरी चालतं.” जोसेफ पाच मोसम टोरंटो मेपल लीफ्सकडून खेळला, हा अर्थातच योगायोग. लीफ्सनी १९६७ नंतर कप जिंकलेला नाही, तेव्हा कपाला अवास्तव महत्त्व देऊ नये, हा इथल्या पंडितांचा घराण्याचा सिद्धांत. मॉन्ट्रियलच्या संघाचे कप चोवीस, म्हणून तिथल्या घराण्यात तो नेमका उलटा गायला जातो.

सामन्यांच्या संख्येचंही तसंच. नावडता खेळाडू असेल तर “फार लवकर संपला.” आवडता असेल तर “बॉबी ऑर ६५७ सामनेच खेळला, त्याला काढणार का बाहेर?” बॉबी ऑरचं नाव आलं की टेबलावरचे सगळे गप्प होतात.

एका बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. महिलांना हॉलचं दार २०१० मध्ये उघडलं, अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनॅटो यांच्यासाठी. त्यानंतर लगेच २०११ मध्ये एकही महिला खेळाडू नाही, २०१२ मध्येही नाही. दोन जागा राखायच्या आणि रिकाम्या सोडायच्या, याला काय म्हणावं? पंडित यावर पोटतिडकीने बोलतो. मुद्दा त्याच्या मुलीने शिकवलेला आहे, पण तिडीक त्याची स्वतःची.

त्याच्यावर खरा घाला पडला तो जून २०२५ मध्ये. अलेक्झांडर मोगिलनी हा त्याचा सर्वात जुना अशील. १९८९ मध्ये स्टॉकहोमहून सोव्हिएत संघ सोडून पळालेला आणि थेट बफेलोला पोहोचलेला हा खेळाडू पाठीवर ८९ क्रमांक घालून खेळायचा. १९९२-९३ च्या एकाच मोसमात ७६ गोल, कारकिर्दीत ९९० सामन्यांत १,०३२ गुण. २००९ पासून पात्र असूनही समिती त्याला दरवर्षी डावलत होती आणि पंडित दरवर्षी नव्या उत्साहाने तेच भाषण देत होता. अखेर समितीने त्याला घेतलं. पेढे मागायला गेलो, तर पंडित कॉफी थंड करून बसलेला. “उशीर केला,” एवढंच म्हणाला. सोळा वर्षांचा घोटलेला अन्याय एका दुपारी हातचा गेला होता. सुदैवाने ब्रिंडामोर अजून बाहेर आहे. १,१८४ गुण, २००६ चा कपविजेता कर्णधार. आठवडाभरात पंडिताच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

त्याला धीर द्यावा म्हणून मी ध्यानचंदांची गोष्ट सांगितली. १९२८, १९३२, १९३६, तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, आणि तरी भारतरत्न नाही. आमचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये पदक घेऊन आले, त्यांना पद्म पुरस्कारही नाही. पंडित सावरून बसला. “समितीत किती जण?” भारतरत्नाला समिती नसते, पंतप्रधान राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. “समितीच नाही? मग तुम्ही लोक शिव्या कोणाला देता?”

उरला पॉल हेंडरसन. २८ सप्टेंबर १९७२, मॉस्को, कॅनडाचा सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेतला आठवा आणि शेवटचा सामना, ३४ सेकंद बाकी, आणि हेंडरसनचा गोल. सहावा आणि सातवा सामनाही त्याच्याच गोलने जिंकला होता. त्या पिढीच्या कॅनडियन माणसाला तेव्हा आपण कुठे होतो ते विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो. पण मुख्य व्यावसायिक लीगमध्ये हेंडरसनचे ७०७ सामन्यांत २३६ गोल, आणि तेवढ्यावर हॉलचं दार उघडत नाही. माझ्या मते समितीचं बरोबर आहे. एका गोलचा पुतळा करावा, हॉलमध्ये कारकीर्द बसवावी. हे मी पंडिताला सांगितलं आणि वर पुरावाही दिला: हेंडरसन स्वतःच म्हणत आला आहे की मी समितीत असतो तर मला मत दिलं नसतं.

पंडित क्षणभरही अडखळला नाही. “त्याचं काय ऐकतोस?” तो म्हणाला. “त्याला हॉकीतलं काय कळतं!”